लेक म्हणते, कॉलेज नको



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर लगेच जेवण आहे, म्हणजे खरी पंधराच. शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेच्या वाटेला कधी गेले नाही, हे इथे बसलेल्या बाईंना चांगलं आठवत असेल. त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय मी निवडलेला नाही. आपल्या ग्रुपनं निवडलाय. वर्षभर आपला ग्रुप गुड मॉर्निंगच्या फुलांवर चालतो, पण मे महिना आला आणि बारावीचा निकाल लागला की फुलं बंद होतात. गेल्या मे महिन्यात आपल्यातल्या एकीनं रात्री साडेअकराला लिहिलं, "लेकीला बारावीला ऐंशी टक्के आहेत. कॉलेज नको म्हणते. एक कंपनी बारावीवरच घेते म्हणे. काय करू?" सकाळपर्यंत चाळीसेक उत्तरं पडली होती. डिग्री पाहिजेच. आजकालची पोरं अशीच. एकानं बिल गेट्सनं कॉलेज सोडल्याचा फॉरवर्ड टाकला. गेट्स हार्वर्ड सोडून गेला हे खरं, पण त्यासाठी आधी हार्वर्डला प्रवेश मिळवावा लागतो, हे त्या फॉरवर्डमध्ये नव्हतं.

मी गेली वीसपेक्षा जास्त वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यातली दहा वर्षं नवीन मुलांच्या मुलाखती घेणाऱ्यांत बसते. म्हणून मला सांगितलं, तू बोल. शिवाय माझी स्वतःची लेक यंदा बारावीला आहे आणि दिवाळीत फराळ करताकरता तिनंही हेच वाक्य टाकलं. तेव्हा मी इथे तज्ज्ञ म्हणून उभी आहे असं समजू नका. तुमच्याच रांगेत उभी आहे.

आपल्या वेळी हा प्रश्नच नव्हता. मार्क ठरवायचे. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, आणि आपण दहावी होईपर्यंत आपल्या सांगली-कोल्हापूरकडे घरटी एक इंजिनिअर असावा अशी हवा झाली होती. पंच्याहत्तरच्या वर मार्क, तर सायन्स. त्याखाली, पण गणित बरं असेल, तर डिप्लोमा. आणि अगदीच घसरला, तर आयटीआय. आयटीआय हे शिक्षण होतं असं कोणी म्हणायचं नाही, ती शिक्षा होती. सर, रागावू नका, पण "असाच राहिलास तर आयटीआयला जाशील" हे वाक्य मी याच इमारतीत ऐकलंय.

आपल्यातला एक जण खरंच गेला. नाव घेऊ नको म्हणालाय, तेव्हा उगाच मागे वळून बघू नका. त्यानं जोडारी ट्रेड घेतला, म्हणजे फिटर. दोन वर्षं आयटीआय, मग पिंपरीकडच्या एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्री सुटेल का या काळजीत होते आणि घरून आलेले पैसे महिनाअखेरपर्यंत पुरवत होते, तेव्हा त्यानं घरात रंगीत टीव्ही आणला होता. २००२ साली मी पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा आयटीत मंदी होती. कॉलेजमध्ये येणाऱ्या कंपन्या कमी, आणि आल्या त्यांची अट, दहावीपासून सलग साठ टक्के. मला नोकरी लागली तेव्हा त्याची जवळजवळ तीन वर्षांची नोकरी झाली होती.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की सगळे म्हणतात, बघा, डिग्रीचं काय घेऊन बसलात! पण पुढचंही ऐका. आठ-नऊ वर्षांनी त्याच्या लाईनवर सुपरवायझरची जागा निघाली. ती मिळाली एका डिप्लोमावाल्या मुलाला. त्या मुलाला मायक्रोमीटर धरायला यानंच शिकवलं होतं. यानं ऑफिसात जाऊन विचारलं तर उत्तर आलं, नियमात बसत नाही. नोकरी सोडून दिवसाच्या कॉलेजात जाणं तेव्हा शक्य नव्हतं, घरात दोन माणसं त्याच्या पगारावर होती. शेवटी तो गावाकडे परत आला, कुपवाडच्या एमआयडीसीत जुनं लेथ मशीन घेऊन सुरुवात केली. आज त्याच्याकडे तीन व्हीएमसी मशीन आहेत आणि अकरा माणसं कामाला आहेत.

मी त्याला गेल्या महिन्यात फोनवर विचारलं, "तुझ्या मुलाला काय करणार?"

"इंजिनिअर."

"का रे? तुझं काय अडलं?"

"मला कोणी पोरगी देत नव्हतं बाई. त्याला तरी देतील."

आपण हसलो, पण यात एक खरी गोष्ट आहे. पदवी आपण फक्त नोकरीसाठी घेत नाही. लग्नाच्या बाजारात, नातेवाइकांत, बँकेच्या मॅनेजरसमोर बसताना ती लागते. अठराव्या वर्षी कॉलेज नको म्हणणाऱ्या मुलाला हे दिसत नाही आणि आपल्याला याशिवाय दुसरं काही दिसत नाही. घरातली भांडणं इथे होतात.

आता आज काय काय वाटा आहेत ते बघू. सगळ्या सांगत नाही, मला माहीत असलेल्या सांगते.

सॉफ्टवेअरमध्ये बारावीनंतर थेट घेणाऱ्या कंपन्या आहेत, हे खरं. चेन्नईच्या झोहो कंपनीनं तर २००४-०५च्या सुमारास, म्हणजे मी नोकरीत नवी होते तेव्हाच, बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना स्वतः शिकवायला सुरुवात केली. दोन वर्षं शिकवतात, फी घेत नाहीत, उलट विद्यावेतन देतात आणि नंतर तिथेच नोकरी. एचसीएलचा टेकबी नावाचा उपक्रम २०१७ पासून आहे. त्यात बारावीला गणित असलेल्या मुलांना साधारण वर्षभर प्रशिक्षण देऊन नोकरीत घेतात आणि नोकरी करता करता पदवी करायची सोय आहे. ही दोन नावं घेतली म्हणून मी कोणाची जाहिरात करत नाही. अटी दरवर्षी बदलतात, त्या ज्यानं त्यानं वाचायच्या.

कारखान्याची वाट आपल्याकडे त्याहून जुनी आहे. अप्रेंटिस कायदा १९६१चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेतलेच पाहिजेत असं त्याचे नियम म्हणतात. २०१९च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे पाच ते नऊ हजार ठरवलं. पैसे फार नाहीत, पण ते मुलाच्या हातात येतात, त्याच्या खिशातून जात नाहीत. आणि आपल्या मित्राला जी भिंत लागली तिच्यात आता दार आहे. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे कातारी, वीजतंत्री यांतल्या कुठल्याही ट्रेडनं सुरुवात केलेला मुलगा मनात आणलं तर इंजिनिअर होऊ शकतो, आणि तोही असा, ज्याला ड्रॉइंगवरची रेघ म्हणजे प्रत्यक्षात काय ते माहीत आहे. मुलाला आयटीआयला घालणाऱ्या बापाला हे कोणीतरी सांगायला हवं, कारण प्रवेशाच्या रांगेत कोणी सांगत नाही.

ज्यांना वर्गातच बसवत नाही अशा मुलांसाठी शिरूर तालुक्यात पाबळचा विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली काढला. योगायोग बघा, ज्या वर्षी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं आली त्याच वर्षी. अमेरिकेत पीएचडी केलेला माणूस, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून एका कोरडवाहू गावात जाऊन राहिला आणि शाळेत नापास झालेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती असं हातानं करत शिकवू लागला. तिथला वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आजही चालतो.

पदवी नोकरीबरोबर करायची तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. आपल्यातल्या दोघी लग्नानंतर तिथूनच पदवीधर झाल्या. आयआयटी मद्रासनं २०२० साली डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्याला जेईई लागत नाही. आधी काही आठवडे शिकवतात, मग पात्रता परीक्षा घेतात. मधेच थांबलात तर तोवर केलेल्या अभ्यासाचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हातात राहतो. मला ही रचना फार आवडते. आपल्याकडे तीन वर्षं इंजिनिअरिंग करून चौथ्यात अडकलेला मुलगा कागदावर बारावी पासच राहायचा.

मग काय, कॉलेज सोडून द्यायचं? थांबा.

दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर मुलाखतीला एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी आली. बारावीनंतर थेट एका कंपनीत लागलेली, दोन वर्षांचा अनुभव. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तर काय करशील, असं विचारलं. तिनं जे सांगितलं ते इतकं शांत आणि क्रमानं सांगितलं की माझ्या शेजारी बसलेले सहकारी माझ्याकडे बघायला लागले. पदवीधर मुलं या प्रश्नाला घाबरतात. मग मी विचारलं, डेटाबेसमधून माहिती यायला एवढा वेळ लागतोय, तर का लागत असेल? इंडेक्स म्हणजे काय? तिला माहीत नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन वर्षं ती एकाच प्रकारच्या तक्रारी निस्तरत होती. अशी तक्रार आली की ही पायरी, मग ती पायरी, नाही जमलं तर वरच्याकडे पाठव. तिला काम शिकवलं होतं, विषय शिकवलाच नव्हता. पोरगी हुशार होती, हे मी पुन्हा सांगते. तिच्या शेजारी बसून "असं का होतं" हे सांगणारं कोणी दोन वर्षांत भेटलं नव्हतं.

मला विचाराल तर सगळा निकाल इथे लागतो. कॉलेज की कंपनी, हा प्रश्न मी बाजूला ठेवते आणि विचारते, शिकवणार कोण? रोज, नाव घेऊन सांगता येईल असा माणूस कोण? आपल्या मित्राला पिंपरीत एक म्हातारे फोरमन भेटले होते. फाईल कशी धरायची इथपासून त्यांनी त्याला शिकवलं आणि चुकलं की हातावर पट्टी मारली. त्या एका वर्षावर तो आजपर्यंत जगतोय. असा फोरमन असेल तर कंपनी हेच कॉलेज. नसेल तर चार वर्षांची पदवीही फुकट आहे, आणि तशी कॉलेजं आपल्या आजूबाजूला किती आहेत ते सरांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

सध्या तर हे जास्तच खरं झालंय. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी जो कोड लिहायचे, त्यातला बराचसा आता एआय काही मिनिटांत लिहून देतं. एकच साधन, एकच पायऱ्यांची यादी शिकवून उभा केलेला मुलगा आज सर्वांत आधी रिकामा होईल. मशीननं लिहिलेलं चुकलंय हे ज्याला ओळखता येतं, त्याला मात्र मी अजून शोधत असते आणि तो पटकन सापडत नाही.

दुसरं, पैसा कुठून कुठे जातो ते बघा. अप्रेंटिसला कंपनी पैसे देते. जर्मनीत आउसबिल्डुंग नावाची पद्धत आहे, आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम, काही दिवस व्यवसायशाळेत शिक्षण, साधारण दोन ते साडेतीन वर्षं. तिथेही कंपनीच मुलाला दरमहा पैसे देते. मुलाला जर्मन भाषा मात्र नीट यावी लागते. आता आपल्याकडचे एजंट त्याच गोष्टीसाठी आईबापांकडून लाखांत रक्कम मागतात. शंभर टक्के नोकरीची हमी देणारे क्लासही तसेच. माझ्या नात्यातल्या एका मुलानं अशा एका क्लासला कर्ज काढून पैसे भरले. सहा महिन्यांनी "नोकरी" म्हणून त्याला त्याच क्लासची माहितीपत्रकं वाटायला बसवलं. आणि एक, हात जोडून सांगते. बाँड कोणताही असो, सही करण्याआधी घरातल्या दोघांनी तो वाचा, आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी आणा.

तिसरी गोष्ट म्हणजे पुढचं दार. बँकेच्या अधिकाऱ्याची परीक्षा, स्पर्धा परीक्षा, यांना कुठल्या का शाखेची असेना, पदवी लागते. परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं, आणि तिथला हिशोब असा, की तीन वर्षांचा अनुभव म्हणजे शिक्षणाचं एक वर्ष. म्हणजे चार वर्षांच्या पदवीऐवजी बारा वर्षांचा अनुभव मोजावा लागतो. तेव्हा कॉलेज नको म्हणणाऱ्या मुलाला मी एवढंच विचारीन, की पंचविसाव्या वर्षी तुझं मन बदललं तर परत शिकायला जायची वाट या नोकरीत आहे का? असेल तर खुशाल जा.

आता मुलींबद्दल बोलते, कारण तिथे मला स्वतःलाच अजून उत्तर नाही.

माझ्यासाठी इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे काय होतं? डेटा स्ट्रक्चर होतं, एम-थ्री होतं, पण त्याच्या आधी हॉस्टेल होतं. घराबाहेर राहायची परवानगी होती. "मुलगी शिकतेय" हे एक वाक्य माझ्या आईकडे चार वर्षं होतं आणि त्या वाक्याच्या आड तिनं आलेली तीन स्थळं परत पाठवली. आपल्या वर्गातल्या ज्या मैत्रिणींच्या आयांकडे हे वाक्य नव्हतं, त्यांची लग्नं विसाव्या वर्षाच्या आत झाली. त्यातल्या काही आज इथे आहेत, काही येऊ शकल्या नाहीत. मुलगा कॉलेजला गेला नाही तर लोक विचारतात, काम काय करतो? मुलगी गेली नाही तर विचारतात, बघताय का कुठे?

म्हणून मुलीनं कॉलेज नको म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि तरीही उलट बाजू आहे. एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या खात्यात पगार येणारी मुलगी, हीही काही कमी ताकदीची गोष्ट नाही. "मुलगी नोकरी करतेय" हे वाक्य आता आपल्याकडे "मुलगी शिकतेय" इतकंच चालतं का? शहरात चालतं. आपल्या गावात, तुम्ही सांगा. पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लेकी यात बसतील. तेव्हा फी परवडत नाही म्हणून मुलीला नोकरीला लावायचं असेल, तर आधी ही चौकशी करा. आणि तिलाच मनापासून काम करायचं असेल, तर तिचं नीट ऐका.

माझ्या लेकीचं मी ऐकलं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, आईबाप दोघं इंजिनिअर आणि पोरगी बारावी, लोक काय म्हणतील? लेक म्हणाली, "आजी, आई रोज म्हणते की कॉलेजात शिकलेलं काहीच कामाला येत नाही." हे वाक्य मी घरात शंभर वेळा म्हटलंय, नाकारता येईना. मग आम्ही दोघी बसलो. तिला कोडिंगपेक्षा यंत्रांचं जास्त आहे, हे मला त्या दिवशी नीट कळलं. घरातला मिक्सर तिनं दुरुस्त केला होता आणि मला वाटत होतं, दुकानातून आणला. सध्या ठरलंय एवढंच, की परीक्षा झाली की तिनं दोन महिने खऱ्या कारखान्यात काढायचे, बसनं जायचं, डबा न्यायचा, पाळी संपेपर्यंत उभं राहायचं. त्यानंतर ती आयटीआय म्हणाली, डिप्लोमा म्हणाली की इंजिनिअरिंग, मी फॉर्म भरायला बरोबर जाणार. सीईटी मात्र ती देतेय. ती अट माझी.

कारखाना कोणाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यानं फोनवर आधी नाही म्हटलं, शॉपफ्लोअरवर पोरी नाहीत, बाथरूमची सोय नाही. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला, बाथरूमचं बांधकाम काढलंय म्हणून. एप्रिल-मे मध्ये आणखी तीन-चार मुलामुलींना तो येऊ देणार आहे, फक्त बुटांशिवाय यायचं नाही आणि मोबाईल गेटवर ठेवायचा. ज्यांना आपली मुलं पाठवायची आहेत त्यांनी जेवणाच्या रांगेत त्याला गाठा. ओळखायला सोपं आहे, आत्ता मान खाली घालून बसलाय तो.